सरड्याची धाव

मिकोनोसच्या मागल्या अंगाला, जिथे बोटीतले पाहुणे फिरकत नाहीत,
झान्नीस दगडावर दगड ठेवतोय.
चुना नाही, सिमेंट नाही. दोन दगडांत बोटभर फट.
वाऱ्यासाठी, म्हणतो. आणि ह्याच्यासाठी.

हा म्हणजे सरडा.
अंगभर काटेरी खरखर, मान खाली-वर,
भर दुपारी साऱ्या भिंतीचा मालक.
"क्रोकोदिलाकी," झान्नीस ओळख करून देतो. छोटी मगर.

अथेन्सहून आलेली नात, आसिमिना, वय नऊ,
पुस्तक उघडून त्याच्या नाकासमोर धरते:
मगर ही असते, आजोबा. ही बैल ओढून नेते.
तुमचा हा तर मुंगळे खातो!

झान्नीस हातोडी खाली ठेवतो.
"खातो. पण नाव आधी कुणाचं होतं?"

क्रोके म्हणजे गोटे. द्रिलोस म्हणजे अळी.
गोट्यांवरची अळी, असं म्हणतात;
खात्री द्यायला त्या वेळचं कुणी उरलेलं नाही.
मग समोरच्या इओनियाच्या किनाऱ्यावरचा कुणी पोरगा
मिसरला गेला, परक्या राजाचा भाला धरायला,
आणि एका सकाळी नाईलचा काठच
गाळातून उठून चालू लागला.
त्याच्या घशाला कोरड.
तिथल्या लोकांकडे त्या जनावराला नाव होतं,
पण विचारायला थांबतो कोण?
हाताला लागलं ते घरचं:
बापाच्या कुंपणावरचा सरडा.
कुत्र्याला धोंडा मारावा तसं ते नाव त्याने फेकलं.
लागलं. चिकटलं.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतो आपण.
ह्याचं नाव मात्र कुंपण ओलांडून
समुद्रापार गेलं,
आणि तिकडे खाऊनपिऊन असं सुजलं
की माघारी आलं तेव्हा दारात मावेना.
घरच्यांनी मग त्याला 'आकी' अशी इवलीशी शेपटी जोडली
आणि मूळ धन्यालाच म्हणाले,
ये बाबा, छोट्या मगरी.

आसिमिना पुस्तक मिटते.
"तो पोरगा परत आला का?"
झान्नीसला ते ठाऊक नाही.
तो पुढच्या दगडासाठी हात पसरतो.
ती एक चपटा उचलून देते,
मग त्याच्या हातातून परत काढून घेते.

"हा नको.
फट बुजेल."