चसेमा

लॅमिंग्टन रोड, दुसरा माळा, दुपारचे साडेतीन.
रेवाबाई तांडेल टेबलावर डबी ठेवते,
होडीवरची, खारानं पांढरी पडलेली.
"आठ दिवस झाले. बंदर कुठं नि आपण कुठं, काय सांगत नाय."

अँटेना खिडकीबाहेर सोडतो. पडद्यावर नुसतं गवत,
हिरवं, थरथरतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखंच.
"उपग्रह बोलतोय," मी म्हणतो.
"कुठं?"
"गवताच्या खाली."

शिळा बांगडा ताजा म्हणून विकणाऱ्याकडे बघावं
तशी ती माझ्याकडे बघते.

मग सांगत बसतो, या वेळेला गिऱ्हाईक नसतंच.
वीस हजार किलोमीटरवरून तो एक 'हो' पाठवतो,
पण अख्खा नाही. आधी त्याच्या हजारो ठिकऱ्या,
ठरलेल्या क्रमानं काही सुलट, काही उलट,
मग पसरतो इतक्या रुंद, इतक्या पातळ
की कुठल्याच एका जागी तो सापडत नाही.
बोंबलावरचं मीठ जसं.
सगळे उपग्रह एकाच पट्टीत, एकदम बोलतात,
क्रम मात्र ज्याचा त्याचा.
या डबीला ते सगळे पाठ आहेत.
ती एकेक घर सरकवते, ताडून बघते.
नाही. नाही.
एका घराची चूक, तरी गवतच.
आणि कधीतरी एकदम
साऱ्या ठिकऱ्या एका अंगावर वळतात
नि गवतातून डोलकाठी उभी राहते.

"आम्ही बोलायचो की असं," ती म्हणते.
"मी नि इंदू. च लावून, उलटं. मासे म्हणजे चसेमा.
धक्क्यावर लिलावात शंभर बाया वराडायच्या,
तिचा भाव मला नेमका कळायचा.
बाजूचीला वाटायचं, नुसता गलका."

मी सोल्डर वितळवत विचारतो, आता?
"इंदू गेली करोनात.
बोलते मी कधी कधी. सुकटीशी."

एक तार गंजली होती, बस.
नवी लावली. एक डोलकाठी उभी राहिली, दुसरी, पाचवी,
नि आकडे आले: हा रस्ता, हा माळा,
जवळजवळ हे टेबलच.

तिनं कंबरेच्या पिशवीतून साडेतीनशे मोजले.
जिन्यावर, मागं न वळता, म्हणाली,
"चरतप चईनये."

मला गलकाच ऐकू आला.
ती उतरत होती, मी एकेक घर सरकवत होतो.
खालच्या वळणावर जुळलं.
धावत जाऊन कठड्यावरून वाकलो, ओरडलो,
"चया!"