सव्वातीन तास

बोंद्रे म्हणाले, बरोबर सव्वादोनला सिंहाच्या खांबाखाली,
लाँच कुणासाठी थांबत नाही.
मग पिवळी छत्री उंच धरून निघाले
आणि आम्ही बत्तीस जण
ठेपले, चिवडा, दुखरे गुडघे सांभाळत
त्यांच्यामागे.

व्हेनिस. अकरा दिवसांतले सव्वातीन तास.
पुष्पावन्सं म्हणाल्या, अगं, रस्तेच नाहीत, सगळं पाणीच!
मला काही कौतुक वाटेना.
भांडी बाजारात एकतीस वर्षं दुकान आहे आमचं.
आमचेही रस्ते जातात गंगेत अधूनमधून,
फक्त तिकीट लावायचं कुणाला सुचलं नाही.

गोंडोलात सहा जण, अर्धा तास.
नावाडी गायला नाही, गाण्याचे पैसे वेगळे.
ह्यांनी माणशी किती पडले ते रुपयांत काढलं
आणि पुढचे चार पूल
मान खाली घालूनच पार केले.
मी भिंती बघत होते.
खाली हिरवं शेवाळ, वर मिठाची पांढरी कड,
त्यावर विटा उघड्या पडलेल्या,
आणि पार वर, खिडकीत, लाल फुलांची कुंडी.
पाणी कुठवर येऊन गेलंय
ते मला न विचारता कळतं.

एका बोळात काचेचं दुकान.
सगळे आत शिरले, मी उंबऱ्याशी अडले.
चौकटीला दोन्ही अंगांनी खाचा,
लोखंडी, गंजलेल्या.
वरून फळी सरकवायची, फटींत चिंध्या कोंबायच्या.
अहो, हे तर आमचंच!

म्हातारा बाहेर आला, काहीतरी बोलला.
मी खाचेवर बोट ठेवलं.
तो हसला. हात गुडघ्याशी नेला : एवढं.
मग जरा थांबून मांडीशी : एका वर्षी एवढं.
मी टूरसाठी शिवलेल्या ड्रेसची ओढणी सावरली
आणि हात छातीशी नेला.
मग गळ्याशी.
त्याचे डोळे मोठे झाले.
आता दुतोंड्या मारुती त्याला कसा सांगायचा?
मी गाल फुगवले, हवेत शेपटी काढली,
आणि पाणी कमरेला, पाणी खांद्याला,
असं स्वतःच्याच अंगावर चढवत गेले.
आतून वन्संना वाटलं, मला भोवळ आली.

त्यानं घड्याळ दाखवलं, सहा बोटं धरली,
हाताने पाणी बाहेर लोटलं.
त्याचं पाणी सहा तासांत समुद्राकडे परत जातं.
आमचं जाताना गाळ ठेवून जातं,
हे मात्र मला खुणेनं सांगता येईना.
त्याची सगळ्यात खालची फळी रिकामी होती.
आमच्या खालच्या फळीवर घंगाळं असतात,
बुडाली तर चिंच लावून निघतात.
एक निळा मासा घेतला, बोटाएवढा.
त्यानं तो तिकडच्या वर्तमानपत्रात गुंडाळला, दोनदा.

मी खांबाशी पोचले दोन बावीसला.
बोंद्रे काही बोलले नाहीत,
छत्री तेवढी मिटली.
लाँचमध्ये सगळे एकमेकांना फोटो दाखवत होते,
माझ्याकडे एकही नव्हता.

ऑगस्टात धरणाचे दरवाजे उघडले.
भोंगा झाला. मारुतीच्या कमरेला पाणी, फोन आला.
थोड्या वेळाने, छातीला.
निवृत्तीनं पातेल्यांच्या चळती माळ्यावर चढवल्या,
ह्यांनी वहीखाती पिशवीत घातली,
मी फळी खाचेत उतरवली, जुनं लुगडं फटींत कोंबलं.
निळा मासा गल्ल्यातून काढून
तांब्यात ठेवला, तांब्या कळशीत,
कळशी सगळ्यात वर.
वन्संचा फोन : काय गं, झालं का तुझं व्हेनिस?
होतंय, म्हटलं.

रात्री अकराला पाणी उंबरा ओलांडून आलं
आणि फळीशी थबकलं.
निवृत्ती बॅटरी धरून उभा.
मी वाकून हात मांडीशी नेला.
छे, इतकं नाही.
गुडघ्याशी आणला.
आणखी खाली, पोटरीशी.
एवढं, म्हटलं.
निवृत्ती म्हणाला, काय काकू?
काही नाही रे. यंदा एवढं.