धावदोरा

ओउलूहून सातूची तक्रार:
अकरा ते तेरा मी तापमान घेतलंच नाही,
मग तुमची रेघ तिथून जाते कशी?

मी नेहमीचं सांगितलं.
कॅशे पुसा. पान पुन्हा उघडा.
सेल्सियसच निवडलंय ना, बघा.
तिनं सगळं केलं.
रेघ तशीच.

मग रात्री लिहिलं तिनं,
त्या तीन दिवसांत आईला पुरलं,
जमीन आधी तापवावी लागली,
थर्मामीटर इथेच राहिला, उशीखाली.

प्रोग्रॅमचं काही चुकलं नव्हतं.
दोन ठिपके दिसले
की मधल्या जागेवर तो
धावदोरा घालतो, इतकंच.

सेटिंगच्या तळाशी सापडली चौकट:
रिकामे दिवस जोडू नका.
खूण केली.

उत्तर एका शब्दाचं: बरोबर.
खाली, तुटल्या जागेपलीकडे,
चौदावा दिवस.
छत्तीस पूर्णांक चार.