मागची बाकी

फेब्रुवारीत सामना दीडला सुरू व्हायचा.
ह्यांचं नेब्युलायझर सव्वाला संपे,
मग मला झोप नसे,
लिफ्टचा आवाज नको म्हणून चार मजले उतरून
मी वॉचमनच्या केबिनपाशी येई.
पाण्याच्या बाटलीला टेकवलेल्या मोबाइलमध्ये
कुठल्याशा थंड गावातली माणसं
तोंडातून वाफ सोडत धावत असायची.
बाहेर माझगाव. डॉकयार्डाकडून गंजाचा वास.

सोसायटी त्याला बहादूर म्हणे. बिल्ल्यावर टी. सिंग.
थोइबा, तो म्हणाला, तिसऱ्या रात्री मी विचारलं तेव्हा,
नजर न हलवता, कारण कॉर्नर होता.
गाव मोइरांग. नडगीवर टाक्यांची रेघ.
लेफ्ट बॅक होतो, आंटी,
असं एकदाच म्हणाला.

मी गोदीच्या हिशेबखात्यात एकतीस वर्षं काढली.
ऑफसाइड मला अजून नीट कळत नाही:
रेषा काढतात, थांबतात,
आणि दिलेला आनंद परत मागून घेतात.
पण एक सामना तिकडे, एक इकडे,
मग दोन्हींची बेरीज,
हे त्याने सांगितलं आणि लगेच कळलं.
म्हणजे मागील पानावरून पुढे, मी म्हटलं.
आज कितीही जीव तोडून खेळा,
पान कोरं मिळत नाही.
वर कोपऱ्यात
मागच्या आठवड्यातले दोन गोल बसलेले असतात.

त्याचा संघ पिवळ्या बाह्यांचा, एका बंदराचा.
दोन गोल मागे होते, तीन मारून पुढे गेले.
थोइबाने गेटची साखळी दोन्ही हातांनी धरली,
वाजू नये म्हणून.

मार्चअखेर तिकडच्या लोकांनी घड्याळं पुढे सरकवली.
सामना साडेबारावर आला.
ह्यांचा श्वास मात्र जुन्याच वेळेवर.
मी उतरेपर्यंत मध्यंतर.
मग पहिला हाफ तो माझ्यासाठी लिहून ठेवू लागला,
व्हिजिटर रजिस्टरच्या मागच्या पानावर:
नाव, कुठून आला, कोणाकडे,
आत येण्याची वेळ बारा बावन्न,
सही.
गोल असा पाहुण्यासारखा नोंदलेला
मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

रजिस्टर खातूंच्या हाती लागलं.
खातू सेक्रेटरी. मीटिंग गच्चीवर, रविवारी, चहासकट.
ड्यूटीवर मोबाइल, असं कोणी म्हणालं.
रात्री बायकांशी गप्पा, असंही.
मी दुसऱ्या रांगेत होते.
माझ्या कपात साय धरली होती,
ती मी चमच्याने बाजूला करत राहिले.

एजन्सीने त्याला उलव्याला टाकलं,
अर्धवट टॉवरवर, मोबाइल गेटवर जमा.
नव्या वॉचमनने केबिनमध्ये पंखा लावून घेतला.

उपांत्य फेरीचा दुसरा सामना
मी ह्यांच्या उशाशी पाहिला, आवाज बंद करून.
मागची बाकी एक गोल.
कॅलेंडरच्या एप्रिलच्या पानामागे रकाने आखले,
पट्टीने, जुन्या सवयीने.
एकाहत्तराव्या मिनिटाला पिवळ्यांनी बाकी फेडली.
मी साखळी शोधली. हाताला नळी लागली.
ह्यांनी डोळे उघडले, काय झालं,
काही नाही, बरोबरी.

मग जादा वेळ. मग पेनल्टी.
नावं मी मराठीत लिहिली, ऐकू न येता, ओठांवरून.
चौथा मुलगा ठेवणीतल्या केसांचा,
चेंडू ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.
मला कळलं, हा चुकणार.
गप्प बसणाऱ्याला गप्प बसणारा ओळखू येतो.

पावणेचारला हिशेब बंद केला,
फोटो काढला, उलव्याला पाठवला.
खाली शेरा लिहायला जागा ठेवली होती.
त्या दिवशी मी बोलायला हवं होतं,
एवढं टाइप केलं, पुसलं,
पुन्हा टाइप केलं, आणि जाऊ दिलं.

सात वाजून दहाला निळ्या खुणा.
बराच वेळ वर टायपिंग, टायपिंग.
मग आलं: आंटी, पंच्याऐंशी के बाद
लेफ्ट बॅक को क्यों निकाला?

मी पान पुन्हा पाहिलं.
ही नोंद माझ्याकडून राहिलीच होती.