चेंडू तिथंच राहू दे

बॅग घे खांद्यावर, दिगंबर, पण पट्टा सैल ठेव.
पळायची वेळ आली तर आधी ओझं टाकता आलं पाहिजे.
घोणशीपुढं मात्र पळायचं नाही.
दोन पावलं मागं, सावकाश.
साहेबांनाही तसंच मागं घ्यायचं,
त्या वेळी कोपराला धरलंस तरी चालतं.

आता वैशाख आहे.
पाचव्याच्या कडेला टिटवीनं उघड्यावर
चार अंडी घातलीत.
खडी कुठली, अंडं कुठलं, हे दिसेपर्यंत
पाऊल उचलू नकोस.
ती किंचाळत अंगावर येईल,
पंख मोडल्याचं सोंग करून लांब नेईल.
नेते तिथं काही नसतं.
रोज टिटवी ऐकतोस हे घरी आईला सांगू नकोस,
मीठमिरच्या ओवाळत बसेल.

परवा गोरक्षकर साहेबांचा चेंडू
घरट्यापासून वीतभर थांबला.
म्हटलं, काठीभर लांब घ्या.
म्हणाले, नियमात बसतं का?
म्हटलं, तिच्या बसतं.

संध्याकाळी खाडीकडचा कोल्हा येतो,
माहूलच्या दिव्यांकडं पाठ करून बसतो.
सँडविचचा तुकडा टाकू नकोस.
एकदा खाल्लं
की तुझा हात त्याला ताट वाटणार.

आणि आषाढात,
झेंडा उपसलास की आधी डोळा, मग हात.
घोणस पिल्लंच घालते, जिवंत,
करंगळीएवढी,
पहिल्या दिवसापासून विषाची.
कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखा आवाज आला
तर कुकर शोधू नकोस.

हे बोट बघतोस?
सगळ्यांना सांगतो, दारात चेमटलं.
घाणेरीच्या जाळीत चेंडू गेला होता,
नवाकोरा, त्यावर निळी रेघ.
आण, असं कुणी म्हणालं नव्हतं.
राहू दे, असंही
कुणी म्हणालं नव्हतं.
सायनला अकरा दिवस होतो.
सहाव्या दिवशी केळी आली, डझनभर, ड्रायव्हरबरोबर.
चेंडू केवढ्याचा होता
ते मी अजून विचारलेलं नाही.

असेल तिथंच.
एवढ्या वर्षांत त्याला टेकून
घोणशीच्या किती पोरांनी कात टाकली असेल.

चल, नाव पुकारलं तुझं.
बूट घाल.
आधी झटक.