आडात आहे

राउटरचे चारही दिवे हिरवे.
म्हणजे आडात आहे.
लॅपटॉपच्या कोपऱ्यात एकच कमान, तीही पुसट.
म्हणजे पोहऱ्यात नाही.
दुपारचे सव्वादोन, देवपूर, धुळे,
आणि म्हण उलटी होऊन बसलीय टेबलावर.

डॉक्टर ललवाणींचे सात एक्स-रे अडकलेत.
त्यांचा आवाज फोनवर कधीच आलाय,
घाईतला, मध्ये चहाचा घोट:
उजवीकडे पाणी साचले आहे, पुढचा.
मी टाइप करते ते जाणार कुठून?

बंद करून चालू केला. दोनदा.
राउटरची पिन काढून शंभर मोजायचे होते,
साठलाच घातली.
विमानाचं चित्र दाबलं, सोडलं.
त्यानं विचारलं, हे नेटवर्क विसरायचं का?
विसर म्हटलं.
मग परक्यासारखी यादी पुढे ठेवली त्यानं:
महालक्ष्मी मेडिकल, जगतापांचं वरचं,
आणि कुणाचं तरी ‘फुकट मागू नये’.
सगळ्यात खाली, सगळ्यात फिकं, आमचं सोनगीर.
पासवर्ड गॅसच्या पुस्तकावरचा नंबर.
शून्य आहे की ओ, हा वाद घरात तीन वर्षं जुना.
शून्यच होतं.
‘जोडत आहे’ म्हणाला, आणि म्हणतच राहिला.

चार दिवस हेच.
संध्याकाळी सातला मात्र आपोआप जोडला जातो,
नऊला पुन्हा जातो.
फोन घेऊन ओट्याशी उभी राहिले की भरभरून येतं.
मी काय काय संशय घेतले!
अपडेटचा, उंदराचा, जगतापांच्या पोराचा,
लॅपटॉपच्या वयाचा. माझ्याही.

विलास ऑइल मिलची रात्रपाळी करून झोपलाय,
मधल्या दारात बसवलेल्या कूलरच्या तोंडासमोर,
एक पाय वाऱ्यात, एक चादरीत.
त्याच्या डोक्यावरून मी हळू आवाजात फोन लावला.

भटू आला. नेटवाला. डोक्याला ओला रुमाल.
लॅपटॉपला हात लावला नाही.
पुढच्या खोलीतल्या राउटरकडे पाहिलं,
मग मधल्या खोलीतल्या टेबलाकडे,
मग त्या दोघांच्या बरोब्बर मधे उभ्या
निळ्या पत्र्याच्या पेटीकडे.
टाकीवर बोटानं टकटक केलं.
भरीव आवाज आला.
‘ताई, हाई पानी भरेल शे.
वायफायले पव्हता येत नही.’

मी हसले. मग माझंच हसू मला ऐकू आलं.
चौदा वर्षं मी लोकांच्या छातीतलं पाणी टाइप करतेय,
कुठल्या बाजूला, कितपत, काय काय झाकलंय त्यानं,
आणि स्वतःच्या घरात सत्तर लिटर साचलेलं
चार दिवस दिसलं नाही.
सोमवारी मीच तर पाइप लावून भरला होता.
संध्याकाळी टाकी तळाला जायची तेव्हा कमानी उमटायच्या,
रात्री मी भरायचे, मीच बुजवायचे.

राउटर कपाटावर चढवायला वायर अपुरी, दीड हात.
‘गुरुवारले आनस,’ भटू म्हणाला,
माठातलं पाणी वरून पिऊन गेला.
गुरुवार चार दिवसांवर.
कूलर सरकवला तर विलास जागा होईल.
जागा झाला तर कारण सांगावं लागेल,
आणि कारण ऐकून तो ‘सरकव’ म्हणेल,
मग उन्हात झोपायचा प्रयत्न करेल. मला माहीत आहे.

म्हणून स्वयंपाकघर.
लॅपटॉप पोळपाटावर, पोळपाट पिठाच्या डब्यावर,
मी पाटावर. पंखा नाही.
बोळातून झळ येते, आणि झळीबरोबर
तिन्ही कमानी भरून, काळ्या कुळकुळीत.
पाचवा एक्स-रे, पुरुष, वय एकसष्ट.
हनुवटीवरून एक थेंब स्पेस बारवर पडला
आणि दोन शब्दांत जास्तीची जागा सुटली.
ती पुसून लिहिलं:
दोन्ही बाजू स्वच्छ.
पाणी आढळले नाही.