वाचनालयाची मागची भिंत

डिचोलीत, बंद पडलेल्या वाचनालयाच्या मागच्या भिंतीवर
एक मुलगी तीन दिवस खून रंगवते आहे.
शिडी इनास पदेराची, उसनी.
पहिल्या दिवशी गुप्तहेर आला:
लांब कोट, वाकडी टोपी,
आणि आमच्या उकाड्याची काडीचीही दखल न घेणारे
हातमोजे.
दुसऱ्या दिवशी पावलं,
गटारापासून निघून सरळ भिंत चढणारी,
लाल.
(लाल रंग तिनं विकत आणला नाही म्हणे.
खाणीच्या ट्रकांनी वर्षानुवर्षं सांडलेली धूळ
डिंकात कालवली.)

बांगडेवाली टोपली उतरवून विचारते,
'बाय, मेलो कोण गो?'
'फाल्यां,' मुलगी म्हणते, वळतसुद्धा नाही.

मी समोरच्या सोप्यावर बसून बघतो.
तेवीस वर्षं त्या भिंतीच्या आत
मी पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारले,
आणि आता कोणी विचारत नाही म्हणून सांगतो,
रहस्यकथांची शेवटची पानं
मीच फाडत होतो.

पट्टी लावून, सरळ. शिवण न दुखवता.
गावानं संशय घेतला तो वाळवीवर,
मग पोस्टातल्या रघुवीरवर,
मग पुन्हा वाळवीवर.
आणि अर्धवट पुस्तक छातीशी धरून
माणसं माझ्या टेबलाशी यायची:
'मास्तर, तुम्ही वाचलंय ना? खुनी कोण?'
दिवसभरात मला विचारलेला
तेवढा एकच प्रश्न.

बहुतेकांना खरं सांगितलं.
प्रेमावती मणेरकरला नाही.
भर दुपारी आली होती, छत्री मिटत.
खरा खुनी वकील होता, पैशासाठी, एका वाक्यात संपणारा.
ती एवढ्यात जाऊ नये म्हणून
मी एक घड्याळजी उभा केला,
जो त्या पुस्तकात नव्हताच.
त्याला डावखुरा केला,
गावातली सगळी घड्याळं सात मिनिटं मागे ठेवायला लावली,
आणि का, ते सांगता सांगता दिवे लागले.
पुढच्या मे महिन्यात लग्न होऊन ती वास्कोला गेली.
पुस्तक वेळेवर परत केलं होतं.

आज तिसरा दिवस.
भिंगाखाली आता एक हात आहे.
डावा. बोटांत चिमटा,
चिमट्यात तांदळाएवढं चाक.
'आजोबा, किती वाजले?' शिडीवरून हाक आली.
मी सांगितलं.
तिनं सात मिनिटं वजा करून
मनोऱ्यावरचे काटे काढले.

'ही गोष्ट कुठली गो?'
'आजीची. ते पुस्तक कुठंच मिळालं नाही.
खूप शोधलं.'

घरात बिस्किटांच्या डब्यात एकशे चाळीस पानं आहेत.
एकशे चाळीस खुनी, पिवळे पडलेले, नावानिशी.
त्यात घड्याळजी नाही.

डबा काढला. परत ठेवला.
मग चहाचा पेला घेऊन शिडीखाली उभा राहिलो
नि न राहवून म्हणालो,
'चिमटा थोडा तिरका कर.
तो तसा धरायचा.'

तिचा ब्रश भिंतीवरच थांबला.